पुनर्रचना काळात गव्हर्नरला लिहिलेली पत्रे आणि अर्ज कसे वाचावेत: मिसिसिपीच्या दप्तरावरून एक मार्गदर्शन

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि दक्षिणेकडील राज्यांत सुमारे चाळीस लाख माणसे गुलामगिरीतून मोकळी झाली. त्यानंतरच्या, १८७७ पर्यंतच्या कालखंडाला पुनर्रचना काळ म्हणतात. मराठी वाचकाला या काळाची ओळख बहुधा राष्ट्राध्यक्ष, घटनादुरुस्त्या आणि कू क्लक्स क्लॅन (गोऱ्या वर्चस्ववाद्यांची हिंसक गुप्त संघटना) यांच्यामार्फत होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केला, तेव्हापासून हा विषय आपल्याकडे परका राहिलेला नाही. मात्र ज्यांना मुक्त केले गेले ती माणसे त्याच वर्षांत स्वतः काय मागत होती, कोणाकडे मागत होती आणि त्यांना काय उत्तर मिळत होते, हे समजून घ्यायचे असेल तर राज्याच्या गव्हर्नरकडे आलेली पत्रे आणि अर्ज वाचण्याला पर्याय नाही.

ही सामग्री आता घरबसल्या वाचता येते. मिसिसिपी राज्याच्या जॅक्सन येथील अभिलेखागारातील १८५९ ते १८८२ या काळातल्या गव्हर्नरांच्या दप्तरातून सुमारे २० हजार कागदपत्रांच्या प्रतिमा आणि त्यांचे वाचन विनामूल्य उपलब्ध करून देण्याचे काम एका प्रकल्पाने हाती घेतले आहे. या लेखात मी मिसिसिपीचेच उदाहरण घेतले आहे, आणि त्याचे कारण केवळ ही सोय नव्हे. १८६० च्या जनगणनेत या राज्याच्या ७,९१,३०५ लोकसंख्येपैकी ४,३६,६३१ माणसे गुलाम म्हणून नोंदलेली होती. निम्म्याहून अधिक रहिवाशांना ज्या राज्यात पाच वर्षांपूर्वी अर्ज करण्याचाच हक्क नव्हता, तेथे अर्ज येऊ लागले ही घटनाच मोठी आहे.

पहिली पायरी: पत्र कोणत्या गव्हर्नरच्या काळातले आहे ते निश्चित करावे

पत्रावरची तारीख पाहून त्या दिवशी सत्ता कोणाच्या हातात होती याचा एक कालपट स्वतःच्या वहीत करून ठेवावा. मिसिसिपीत १८६५ च्या उन्हाळ्यात विल्यम शार्की हे हंगामी गव्हर्नर होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेंजामिन हम्फ्रीज निवडून आले. हे दक्षिणेच्या बंडखोर सैन्यात ब्रिगेडियर जनरल राहिलेले गृहस्थ होते. मार्च १८६७ च्या कायद्यांनी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, दक्षिणेतील दहा राज्ये पाच लष्करी विभागांत वाटली आणि मिसिसिपी व आर्कान्सा मिळून चौथा विभाग झाला. जून १८६८ मध्ये हम्फ्रीज यांना दूर करून लष्कराने अडेल्बर्ट एम्स यांना नेमले. फेब्रुवारी १८७० मध्ये राज्याला संघात पुन्हा प्रवेश मिळाला आणि जेम्स अल्कॉर्न, त्यांच्यानंतर रिजली पॉवर्स आणि जानेवारी १८७४ पासून, या वेळी मतदानाने निवडून आलेले, तेच एम्स गव्हर्नर झाले. मार्च १८७६ मध्ये एम्स यांना राजीनामा द्यावा लागला आणि जॉन स्टोन त्या जागी आले.

हा कालपट हाताशी नसेल तर फार मोठी फसगत होते. १८६६ मधील अर्जदार माजी बंडखोर सेनानीला लिहीत होता, १८६९ मधील अर्जदार गणवेशातील अधिकाऱ्याला लिहीत होता आणि १८७५ मधील अर्जदार स्वतः मत देऊन निवडलेल्या माणसाला लिहीत होता. तिघांनीही मायना ‘महामहिम’ असाच लिहिला असला तरी तिघांची अपेक्षा, भीती आणि शब्दांची निवड वेगळी असणार.

दुसरी पायरी: मागितलेली गोष्ट देणे गव्हर्नरच्या हातात होते का, ते तपासावे

अमेरिकेतील राज्याचा गव्हर्नर हा आपल्याकडच्या राज्यपालासारखा नियुक्त पदाधिकारी नसतो. तो राज्य सरकारचा प्रत्यक्ष प्रमुख असतो. शिक्षा माफ करणे किंवा कमी करणे, फरारी गुन्हेगाराला पकडण्यासाठी बक्षीस जाहीर करणे, रिकाम्या झालेल्या काही पदांवर नेमणुका करणे आणि राज्याचे नागरी सैन्य, म्हणजे मिलिशिया, बोलावणे हे अधिकार त्याच्याकडे होते. संघराज्याचे सैन्य मात्र त्याच्या हुकमतीत नव्हते. राज्यांतर्गत हिंसाचारापासून संरक्षण मिळावे म्हणून राज्याचे विधिमंडळ, आणि ते भरवता येत नसेल तर गव्हर्नर, केंद्राकडे मागणी करू शकतो अशी तरतूद अमेरिकी राज्यघटनेच्या चौथ्या कलमाच्या चौथ्या विभागात आहे. ‘सैनिक पाठवा’ अशी विनवणी करणारी पत्रे गव्हर्नरकडे का येत होती आणि ती वाचूनही त्याला पुढे राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्याकडेच हात का पसरावे लागत होते, याचे उत्तर या एका तरतुदीत आहे.

अर्जाचा प्रकार ओळखायचा तो याच अधिकारांच्या आधारे. माफीचे अर्ज, नेमणुकीच्या शिफारशी, बक्षिसाची मागणी, शाळा आणि करांविषयीच्या तक्रारी, विधवांच्या मदतीच्या विनंत्या, हिंसाचाराच्या खबरा असे ढोबळ गट पडतात. मुलांना ‘शिकाऊ’ म्हणून जुन्या मालकाकडे बांधून दिल्याच्या किंवा मजुरी बुडवल्याच्या तक्रारी शोधत असाल, तर गव्हर्नरच्या दप्तराबरोबर फ्रीडमेन्स ब्यूरोची कागदपत्रेही पाहावीत. मुक्त झालेल्या लोकांच्या मदतीसाठी मार्च १८६५ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रीय खात्याकडे अशा तक्रारी मोठ्या प्रमाणात जात असत.

तिसरी पायरी: मजकुराआधी कागद वाचावा

बहुतेक अभ्यासक पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात करतात. मी आग्रहाने सांगेन की आधी पत्राची मागची बाजू पाहावी. त्या काळी पत्र आले की कार्यालयातील लेखनिक ते उभी घडी घालून ठेवत असे आणि वरच्या पट्टीवर शेरा लिहीत असे: कोणाचे पत्र, कोठून, कोणत्या तारखेचे, विषय काय आणि निकाल काय. हा शेरा बहुधा वेगळ्या हाताचा आणि वेगळ्या शाईचा असतो. अर्जदाराने तीन पाने लिहून सांगितलेले दुःख कार्यालयाने चार शब्दांत कसे नोंदवले, हे तेथे दिसते. पत्रात खुनाची हकिकत असून शेऱ्यात फक्त ‘नेमणुकीबाबत’ असे असेल, तर कार्यालयाने त्या पत्रातून काय उचलले आणि काय टाकले ते आपल्याला कळते. म्हणून शेऱ्याची स्वतंत्र नोंद करावी. तो मूळ पत्राच्या मजकुरात मिसळू नये.

त्यानंतर कागदाचा आकार, छापील शीर्षक आणि सोबत जोडलेले कागद पाहावेत. शेरीफ (काउंटीचा, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचा, पोलीस-प्रमुख) किंवा न्यायालयाच्या छापील शीर्षकाच्या कागदावर आलेले पत्र आणि रेघांच्या वहीतून फाडलेल्या पानावरचे पत्र यांच्या लेखकांना उपलब्ध असलेली साधने वेगळी होती.

चौथी पायरी: अक्षर लावणे आणि नक्कल उतरवणे

मोडी वाचणाऱ्याला जसा सुरुवातीला एकेक शब्द अडतो आणि मग हात ओळखीचा झाला की पान सरळ लागते, तसेच येथेही होते. एकाच हाताची पाच-सहा पत्रे सलग वाचावीत. एकोणिसाव्या शतकातील हस्ताक्षरात जोड ‘एस’ लिहिताना पहिला ‘एस’ लांब काढण्याची पद्धत अजून टिकून होती. त्यामुळे ‘मिसिसिपी’ या नावातला जोड ‘एस’ नवख्याला ‘एफ-एस’ किंवा ‘पी’ वाटतो. तारखेपुढे ‘इन्स्ट’ असेल तर चालू महिना, ‘अल्ट’ असेल तर मागचा महिना आणि ‘प्रॉक्स’ असेल तर पुढचा महिना समजावा. हे चुकले तर घटनेची तारीख महिन्याने सरकते, आणि निवडणुकीच्या हंगामात एक महिना फार मोठा असतो. नावे संक्षिप्त असतात: विल्यमचे पहिले आणि शेवटचे अक्षर, जेम्सची पहिली दोन आणि शेवटचे अक्षर. अशी नावे नकलेत जशीच्या तशी ठेवून आपला उलगडा चौकोनी कंसात द्यावा.

स्पेलिंग कधीही सुधारू नये. कानाने ऐकलेली इंग्रजी जशी उमटेल तशी लिहिणाऱ्या माणसाचे पत्र अडले तर ते मोठ्याने वाचावे. डोळ्यांना न कळलेला शब्द बहुतेक वेळा कानांना कळतो. खोडलेले शब्दही टिपावेत. कोणी ‘मागणी’ लिहून ते खोडून ‘विनंती’ केले असेल, तर त्या खोडण्यात लिहिणाऱ्याचा विचार आहे. न लागलेला शब्द अंदाजाने भरण्याऐवजी ‘अवाच्य’ अशी खूण करून पुढे जावे.

या कागदांत कृष्णवर्णीयांसाठी आज अपमानास्पद मानले जाणारे शब्द वारंवार येतात. नकलेत ते राहू द्यावेत, कारण कोण कोणाबद्दल कोणता शब्द वापरतो हा पुरावा आहे. आपल्या स्वतःच्या विवेचनात मात्र ते घेऊ नयेत.

पाचवी पायरी: सह्यांकडे मजकुराइतकेच लक्ष द्यावे

सामूहिक अर्जाखाली नावांची रांग असते. अनेक नावांच्या मध्ये फुली असते आणि तिच्या वर-खाली ‘त्याची खूण’ अशा अर्थाचे शब्द असतात. गुलामांना लिहा-वाचायला शिकवणे दक्षिणेतील अनेक राज्यांत कायद्यानेच निषिद्ध होते, हे लक्षात घेतले तर फुलीचे प्रमाण पाहून आश्चर्य वाटू नये. सगळी नावे एकाच हाताने लिहिलेली दिसली की अर्ज बनावट असल्याचा निष्कर्ष घाईने काढला जातो. तो टाळावा. साक्षर माणूस एकच असेल, तो पाद्री असेल, शिक्षक असेल किंवा सैन्यात अक्षर शिकून आलेला जवान असेल, तर नावे एकाच हाताची असणारच. खुणेशेजारी साक्षीदाराचे नाव असल्यास ते आवर्जून टिपावे, कारण हा साक्षीदार त्या वस्तीत कोणाच्या विश्वासातला होता हे त्यावरून समजते.

मग नावांचा माग काढावा. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या जनगणना तक्त्यांत मालकाचे नाव असते. गुलामांचे बहुधा केवळ वय, लिंग आणि वर्ण. त्यामुळे बहुसंख्य मुक्त झालेल्या लोकांची नावानिशी पहिली मोठी नोंद १८७० च्या जनगणनेत सापडते. १८६५ ते १८७४ या काळात चाललेल्या फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेच्या खातेदारांच्या नोंदवह्याही अमूल्य आहेत. त्यांत अनेकदा कुटुंबीयांची नावे, जन्मस्थान आणि पूर्वीच्या मालकाचे नाव मिळते. नावांचे स्पेलिंग दर कागदाला बदलते आणि वयाचे आकडे अंदाजाचे असतात, म्हणून नाव, गाव आणि शेजारी अशा किमान तीन गोष्टी जुळल्याखेरीज ‘हा तोच माणूस’ असे लिहू नये.

सहावी पायरी: विनंतीच्या भाषेखालची मागणी शोधावी

या पायरीवर सर्वांत अधिक वेळ द्यावा. अर्जाची भाषा ठरावीक साच्याची असते. नम्र मायना, स्वतःच्या सदाचरणाची ग्वाही, हकिकत, मागणी आणि शेवटी ‘आपला आज्ञाधारक सेवक’. ही नम्रता म्हणजे मनाची शरणागती असे समजणे चूक आहे. आणि तिला निव्वळ मुखवटा ठरवून बाजूला सारणेही तितकेच चूक आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. क्लेबोर्न काउंटीतील मुक्त झालेल्या लोकांनी ३ डिसेंबर १८६५ रोजी मिसिसिपीच्या गव्हर्नरला अर्ज लिहिला. ते सांगतात की उठाव करण्याचा आमचा इरादा नाही. जुना मालक असो वा अनोळखी, जो नीट वागवील आणि कष्टाचे दाम देईल त्याच्याकडे आम्ही काम करू. आम्हाला न्याय हवा आणि माणसासारखी वागणूक हवी. गुलाम असताना शिकारी कुत्र्यांचे भुंकणे आणि त्यांनी फाडलेले सोबती आम्ही पुरेसे पाहिले आहेत, आता गुन्हा केल्याशिवाय आमच्यामागे कुत्रे सोडले जाऊ नयेत. मिसिसिपीने गुलामगिरी नष्ट केली ती मनापासून, की तेवढ्यापुरते धोरण म्हणून, असेही ते विचारतात. आणि आमच्यापैकी काहींना जेफरसन डेव्हिस यांची सुटका व्हावी असे वाटते, असेही त्यात आहे.

हे शेवटचे वाक्य वाचून अनेक जण चकित होतात. बंडखोर राज्यांचा अध्यक्ष राहिलेला डेव्हिस तेव्हा फोर्ट मन्रोच्या किल्ल्यात कैदेत होता, आणि त्याचा मळा क्लेबोर्नला लागून असलेल्या वॉरन काउंटीत होता. त्याच्याहून वाईट मालक आम्ही पाहिले आहेत, त्याने आम्हाला गुलाम ठेवण्याचा आटोकाट प्रयत्न केला तरी आम्ही त्याला क्षमा करतो, असे अर्जदार म्हणतात. ज्याला ते लिहीत होते तो हम्फ्रीज त्याच डेव्हिसच्या सैन्यातला अधिकारी होता. क्षमा करण्याचा अधिकार आपल्याकडे आहे असे गृहीत धरूनच हे वाक्य लिहिलेले आहे, हे माझ्या दृष्टीने या अर्जातले सर्वांत धीट पाऊल आहे.

आता प्रत्येक वाक्याला त्या आठवड्यांतील घटनांशी जोडावे. उठावाचा उल्लेख का आला? १८६५ च्या नाताळात मुक्त झालेले लोक बंड करणार, अशी अफवा दक्षिणेतील गोऱ्या वस्त्यांत पसरली होती आणि तिच्या आधारे लोकांची हत्यारे काढून घेतली जात होती. नाताळ आला आणि गेला. उठाव झाला नाही. कुत्र्यांचा उल्लेख का आला? नोव्हेंबर १८६५ मध्ये मिसिसिपीच्या विधिमंडळाने ‘ब्लॅक कोड’ म्हणून कुप्रसिद्ध झालेले कायदे केले होते. करार मोडून निघून गेलेल्या मजुराला कोणाही माणसाने पकडून मालकाकडे आणावे आणि त्याबद्दल ५ डॉलर आणि दर मैलाला १० सेंट घ्यावेत, अशी तरतूद त्यांत होती. गुलामगिरीबद्दलचा प्रश्न का आला? त्या दिवसांत मिसिसिपीच्या विधिमंडळापुढे गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती होती आणि त्याच डिसेंबरात त्याने ती फेटाळली. अर्जदारांनी कायद्याचे एकही कलम सांगितलेले नाही, पण त्यांचा प्रत्येक मुद्दा एकेका कायद्याला किंवा अफवेला दिलेले उत्तर आहे. असे वाचले की तो अर्ज गयावया राहत नाही, राजकीय युक्तिवाद होतो.

हीच कसोटी गोऱ्या अर्जदारांनाही लावावी. ‘शांतता’, ‘सुव्यवस्था’, ‘करदाते’ हे शब्द आले की ते कोणाच्या वतीने आणि कोणाविरुद्ध वापरले आहेत ते तपासावे. जानेवारी १८७५ मध्ये जॅक्सनला भरलेल्या करदात्यांच्या परिषदेची मागणी खर्चकपातीची होती. परंतु त्या करांतून उभ्या राहिलेल्या गोष्टींत सार्वजनिक शाळाही होत्या, हे विसरून ती वाचता येत नाही.

सातवी पायरी: माफीच्या अर्जांची वेगळी पद्धत

माफीच्या अर्जात आरोपीच्या नातेवाइकांपेक्षा इतरांच्या शिफारशी महत्त्वाच्या असतात. पंच, खटला चालवणारा वकील किंवा न्यायाधीश यांच्या सह्या आहेत का ते पाहावे. आदेशावर कोणाची सही आहे तेही पाहावे, कारण गव्हर्नर राज्याबाहेर असला की लेफ्टनंट गव्हर्नर त्याचे अधिकार वापरत असे. एम्स यांच्या अनुपस्थितीत लेफ्टनंट गव्हर्नर अलेक्झांडर डेव्हिस यांनी दिलेल्या माफीवरून त्यांच्यावर १८७६ मध्ये लाच घेतल्याचा महाभियोग चालला आणि त्यांना पदावरून काढले गेले. तो महाभियोग चालवणारे विधिमंडळ १८७५ मध्ये हिंसाचाराने जिंकलेल्या निवडणुकीतून आले होते, हेही सोबत नोंदवावे.

१८७६ नंतरचे माफीचे अर्ज वाचताना कायदा बदलल्याचे ध्यानात ठेवावे. त्या वर्षीच्या कायद्याने १० डॉलरहून अधिक किमतीची चोरी, किंवा किंमत कितीही असली तरी गुरे-डुकरांची चोरी, मोठा गुन्हा ठरवली. राज्याचे कैदी १८७४ मधील २७२ वरून १८७७ अखेर १,०७२ झाले, आणि कैदी कंत्राटदारांना मजूर म्हणून भाड्याने दिले जात होते. डुकराच्या चोरीबद्दल तुरुंगात गेलेल्या माणसासाठी आलेला अर्ज या आकड्यांशेजारी ठेवूनच वाचावा.

आठवी पायरी: १८७५ ची पत्रे तारखेच्या क्रमाने लावावीत

हिंसाचाराच्या खबरा देणारी पत्रे विषयवार लावली तर त्यांचा अर्थ निसटतो. ती दिवसाच्या क्रमाने लावावीत आणि बाजूला ज्ञात घटना लिहाव्यात. डिसेंबर १८७४ मध्ये विक्सबर्गला कृष्णवर्णीय शेरीफ पीटर क्रॉस्बी यांना राजीनामा द्यायला भाग पाडले गेले आणि ७ तारखेला तेथे कत्तल झाली. त्या वेळी केंद्राचे सैन्य आले आणि क्रॉस्बी परत पदावर बसले. ४ सप्टेंबर १८७५ रोजी क्लिंटन येथील सभेत गोळीबार झाला आणि पुढचे काही दिवस आसपासच्या भागात माणसे टिपून मारली गेली. एम्स यांनी ग्रँट यांच्याकडे सैन्य मागितले. अॅटर्नी जनरल एडवर्ड्स पियरपाँट यांच्याकडून, दरवर्षी शरद ऋतूत दक्षिणेत उसळणाऱ्या या दंग्यांना सारी जनता कंटाळली आहे, या आशयाचे उत्तर आले. एम्स यांनी मिलिशिया उभारली, ऑक्टोबरमध्ये विरोधकांशी समझोता करून ती घरी पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये मतदान झाले.

या क्रमात पत्रे बसवली की क्लिंटनपूर्वी संरक्षण मागणारा अर्जदार कोणत्या आशेवर लिहीत होता आणि समझोत्यानंतर लिहिणाऱ्याकडे काय उरले होते, यातला फरक स्पष्ट दिसतो. पत्रात नाव गुप्त ठेवण्याची विनंती असेल, पत्र टपालाऐवजी माणसाच्या हाती पाठवल्याचे लिहिले असेल, तर ते तपशील ठळकपणे टिपावेत. एखाद्या काउंटीतून पत्रे येणे अचानक थांबले तर तेथे शांतता झाली असे मानू नये.

पत्रांतील माहिती पडताळण्यासाठी, मिसिसिपीतील १८७५ च्या निवडणुकीची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या बाउटवेल समितीचा १८७६ चा दोन खंडांतील अहवाल पाहावा. त्यात शपथेवरच्या साक्षी आहेत आणि एम्स यांच्याकडे आलेली अनेक पत्रेही छापलेली आहेत. मिलिशियाच्या एका तुकडीचे नेतृत्व करणारे राज्य सिनेटर चार्ल्स कॉल्डवेल यांचा डिसेंबर १८७५ मध्ये क्लिंटन येथेच खून झाला. त्यांच्या पत्नीची साक्ष या अहवालात आहे आणि ती अवश्य वाचावी. मतमोजणीचे आकडेही पडताळणीच्या कामी येतात. कृष्णवर्णीयांचे मोठे बहुमत असलेल्या याझू काउंटीत त्या निवडणुकीत एम्स यांच्या रिपब्लिकन पक्षाला, ज्याला कृष्णवर्णीय मतदार तेव्हा मुख्यत्वे मत देत, ७ मते पडली. तेथून आलेल्या पत्रांतील भीती अतिरंजित होती का, हा प्रश्न विचारणाऱ्यासमोर हा आकडा ठेवावा.

नववी पायरी: मराठीत मांडणे

संदर्भ देताना अभिलेखागार, गव्हर्नरचे नाव, कागदाचा क्रमांक, पाठवणाऱ्याचे गाव आणि तारीख इतके दिलेच पाहिजे. मराठी रूपांतर करताना अशुद्ध स्पेलिंगचे इंग्रजी तोडक्या-मोडक्या मराठीत किंवा एखाद्या बोलीत उतरवण्याचा मोह आवरावा; त्याने लिहिणाऱ्याच्या विचाराला उगाच बाळबोध रूप येते. साधी, सरळ मराठी वापरावी, मूळ उतारा रोमन लिपीत किंवा प्रतिमेच्या रूपाने सोबत ठेवावा आणि जेथे अर्थ संदिग्ध आहे तेथे दोन्ही शक्यता लिहाव्यात. गव्हर्नरचे उत्तर जावक पत्रांच्या नकलांच्या वहीत सापडले तर ते अर्जाच्या लगेच खाली द्यावे. सापडले नाही तर कोणकोणत्या वह्या कोणत्या तारखांपर्यंत तपासल्या ते नमूद करावे, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला शोध तेथून सुरू करता येईल.